खुंटलेली वाढ आणि पीयूषिका ग्रंथीतील एक ग्राही

रुग्णालयाच्या वार्षिक दिनी देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन



वार्षिक दिनाच्या निमित्ताने एखाद्या आजाराची माहिती सर्वांना समजेल अशा भाषेत सांगावी, या हेतूने आपण मला येथे बोलावले, याबद्दल मी आपला आभारी आहे. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग या विषयांवर आपण अनेकदा ऐकले असेल. आज मी निवडलेला विषय मात्र प्रथमदर्शनी फार दूरचा वाटण्याचा संभव आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील एक ग्राही, त्या ग्राहीच्या जनुकाचे निरनिराळे प्रकार आणि त्यावर शरीरातील इतर संप्रेरकांचे चालणारे नियंत्रण, हा तो विषय होय.

हा विषय प्रयोगशाळेतला वाटला, तरी त्याचा शेवट बालरुग्ण विभागाच्या बाकावर होतो. "याच्या वर्गातली मुले याच्यापेक्षा वीतभर उंच झाली, हा का वाढत नाही?" असे एखादी माता विचारते, तेव्हा क्वचित प्रसंगी त्या प्रश्नाचे उत्तर याच ग्राहीपाशी सापडते. हे उत्तर वेळेवर सापडले तर त्या मुलाच्या आयुष्याला निराळे वळण मिळते आणि उशिरा सापडले तर औषध हाती असूनही त्याचा उपयोग मर्यादित राहतो. वेळेचे हे मोल आपल्या मनावर ठसावे, एवढाच माझ्या बोलण्याचा उद्देश आहे.

वाढीचा हिशेब

प्रथम निरोगी मुलाची वाढ कशी होते ते पाहू. जन्माच्या वेळी बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात त्यात सुमारे २५ सेंटिमीटरची भर पडते, दुसऱ्या वर्षात १२ सेंटिमीटरच्या आसपास. चार वर्षांचे मूल साधारण १०० सेंटिमीटरचे, म्हणजे जन्मवेळेच्या दुप्पट होते. त्यानंतर वयात येईपर्यंत दरवर्षी पाच ते सहा सेंटिमीटर हा वाढीचा सर्वसाधारण वेग असतो. चार वर्षांनंतरचे मूल वर्षभरात पाच सेंटिमीटरही वाढत नसेल, तर त्याची तपासणी व्हावयास हवी. हा नियम प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ठेंगण्या मुलांपैकी बहुतेकांच्या ग्रंथींत काहीही बिघाड नसतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी होती; महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के होते. अपुरे पोषण, वारंवार होणारे जुलाब व जंतुसंसर्ग, मातेचे आरोग्य ही त्यामागची मोठी कारणे होत. काही मुले आईवडिलांच्याच उंचीवर गेलेली असतात, तर काही उशिरा वयात येणारी असतात. वाढसंप्रेरकाची खरीखुरी कमतरता साधारण चार ते दहा हजार मुलांमागे एकात आढळते. ही संख्या लहान असल्यानेच हा आजार कुपोषणाच्या गर्दीत हरवून जातो. "दूध द्या, अंडी द्या, वाढेल हळूहळू" या सल्ल्यात मुलाची मोलाची वर्षे निघून जातात.

हरभऱ्याएवढी ग्रंथी

पीयूषिका ग्रंथी, जिला डॉक्टर मंडळी पिट्यूटरी म्हणतात, ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी असून तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. कवटीच्या तळाशी, खोगिरासारख्या दिसणाऱ्या हाडाच्या एका खोलगट जागेत ती वसलेली असते. थायरॉईड, अधिवृक्क ग्रंथी, स्त्रीबीजकोश व वृषण यांचे कामकाज तिच्याच आज्ञेने चालते. तिच्या पुढच्या भागातील जवळजवळ निम्म्या पेशी केवळ वाढसंप्रेरक तयार करण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात.

परंतु ही ग्रंथीसुद्धा स्वयंभू नाही. तिच्या वर, मेंदूच्याच एका भागात, अधश्चेतक नावाचे केंद्र आहे. तेथून दोन प्रकारचे निरोप खाली येतात. एक निरोप वाढसंप्रेरक सोडण्यास सांगतो. त्याला जीएचआरएच म्हणतात. दुसरा, सोमॅटोस्टॅटिन नावाचा, हात आखडण्यास सांगतो. या दोहोंच्या लयीतून दिवसभरात, विशेषतः रात्रीच्या गाढ झोपेत, वाढसंप्रेरक लाटांनी रक्तात येते. ते यकृताकडे जाते, तेथे आयजीएफ-१ हा आणखी एक घटक तयार होतो, आणि दोघांच्या प्रभावाने लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या वाढत राहतात. या पट्ट्या म्हणजे उंचीची खरी भूमी. तारुण्यात त्यांचे हाड बनले की उंची वाढण्याचा मार्ग कायमचा बंद होतो.

जीएचआरएच या निरोपाचा शोध मोठा विलक्षण रीतीने लागला. मेंदूत तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतो की अनेक वर्षे शोधूनही तो शुद्ध स्वरूपात हाती लागत नव्हता. अखेर १९८२ मध्ये दोन संशोधक पथकांनी तो मेंदूतून नव्हे, तर स्वादुपिंडाच्या गाठींतून वेगळा केला. हातपाय व जबडा बेसुमार वाढलेल्या काही रुग्णांत त्या गाठी हाच पदार्थ तयार करीत होत्या. या दोहोंपैकी एका पथकाचे प्रमुख रॉजर गिलेमिन यांना मेंदूतील संप्रेरकांवरील आधीच्या कार्यासाठी १९७७ मध्येच नोबेल पारितोषिक मिळालेले होते.

दाराची घंटा

आता मुख्य विषयाकडे वळू. निरोप आला, तरी पेशीला तो कळणार कसा? जीएचआरएच पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या आवरणावर त्याच्यासाठी एक विशेष प्रथिन बसवलेले असते. त्यालाच ग्राही म्हणतात. घराच्या दारावरील विजेच्या घंटेशी त्याची तुलना करता येईल. पाहुणा बाहेर उभा राहून बटण दाबतो. तो आत येत नाही, पण आत घंटा वाजते आणि घरातली माणसे कामाला लागतात. त्याचप्रमाणे जीएचआरएच ग्राहीला बाहेरून चिकटते, ग्राहीचा आकार किंचित बदलतो, पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढतो, कॅल्शियम आत येते आणि साठवून ठेवलेले वाढसंप्रेरक बाहेर सोडले जाते.

या घंटेचे आणखी एक काम आहे. तिच्याच इशाऱ्याने वाढसंप्रेरक बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढते. घंटा जन्मापासूनच मुकी असेल तर त्या पेशी पुरेशा वाढत नाहीत आणि ग्रंथीच लहान राहते. एमआरआय चित्रात अशा अनेक मुलांच्या पीयूषिका ग्रंथीचा पुढचा भाग नेहमीपेक्षा लहान दिसतो, त्याचे कारण हेच.

हा ग्राही ४२३ अमिनो आम्लांच्या साखळीने बनलेला असून ती साखळी पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जाते. तिची कृती सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली आहे. १९९२ मध्ये या जनुकाची ओळख पटली आणि त्यानंतर काही वर्षांतच एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला.

एका अक्षराची किंमत

प्रयोगशाळेत उंदरांची एक ठेंगणी जात संशोधकांना १९७० च्या दशकापासून ठाऊक होती. तिचे नावच "लिटल" असे ठेवण्यात आले होते. १९९३ मध्ये सिद्ध झाले की या उंदरांच्या ग्राहीतील साठाव्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले आहे आणि तेवढ्यामुळे जीएचआरएच ग्राहीला चिकटूच शकत नाही. बटण दारावर आहे, पण दाबले जात नाही, अशी ती अवस्था.

उंदरात जे घडते ते माणसात घडत असेल काय? या प्रश्नाचे पहिले उत्तर १९९६ मध्ये मिळाले, आणि ते एका भारतीय कुटुंबाकडून मिळाले. नात्यातल्या विवाहांची परंपरा असलेल्या या कुटुंबातील दोन मुलांची वाढ अत्यंत खुंटलेली होती. जनुकाची भाषा तीन तीन अक्षरांच्या शब्दांची असते. या मुलांच्या ग्राहीच्या जनुकात ७२ व्या शब्दाचे पहिले अक्षर बदललेले आढळले. "अमुक अमिनो आम्ल जोड" असे सांगणारा शब्द त्या एका अक्षराने "येथे थांब" असा झाला. परिणामी ४२३ कड्यांची साखळी पहिल्या काही कड्यांतच तुटते. आवरणातून आरपार जाणारा भाग बनतच नाही. दारावर घंटाच नाही.

१९९८ मध्ये हिरालाल महेश्वरी, गेरहार्ड बाउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंध प्रांतातील अशाच अठरा व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातही नेमका हाच बदल होता. प्रौढ पुरुषांची सरासरी उंची सुमारे १३० सेंटिमीटर होती. श्रीलंकेतील एका तमिळ कुटुंबातही तोच बदल सापडला. पुढे या तिन्ही कुटुंबांतील जनुकाच्या आजूबाजूचा मजकूर तपासला असता तो बदल एकाच प्राचीन पूर्वजापासून आला असावा, असा निष्कर्ष निघाला. आज धर्म, भाषा आणि सीमा यांनी विभागलेली ही माणसे एका विसरलेल्या पूर्वजाचे हे एक अक्षर अजूनही आपल्या रक्तात बाळगून आहेत.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा बदल आपल्या अगदी जवळ आहे. मुंबईच्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील, एकाच कुटुंबात अनेकांना वाढसंप्रेरकाची कमतरता असलेल्या मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यातही हा ग्राहीचा दोष आढळला. २०१४ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी याच जनुकातील एक निराळा, मोठ्या तुकड्याचा दोष नोंदवला. म्हणून आपल्या भागात एकाच घरातील दोन भावंडे अतिशय ठेंगणी असतील, तर या जनुकाचा विचार प्रथम मनात यायला हवा.

जनुकातील सर्व दोष मात्र एकाच जातीचे नसतात. ब्राझीलच्या ईशान्येकडील सर्जिपे राज्यात इताबाइयानिन्या नावाचा परगणा आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या ठेंगण्या राहिलेल्या शंभराहून अधिक व्यक्तींची माहिती १९९९ मध्ये जगापुढे आली. त्यांच्यात ग्राहीच्या कृतीतला शब्द बदललेला नव्हता. काटछाटीची खूण बदललेली होती. जनुकाची प्रत काढल्यावर तिच्यातील निरुपयोगी तुकडे कापून उरलेले भाग जोडले जातात. कोठे कापावयाचे हे दाखवणारी खूण या लोकांत एका अक्षराने बिघडली आहे. त्यामुळे कात्री चुकीच्या जागी चालते आणि ग्राही निकामी होतो. निरोगी माणसातही काटछाट थोडी निराळी होऊन या ग्राहीचे अपुरे, आखूड प्रकार थोड्या प्रमाणात तयार होत असतात. परंतु पीयूषिका ग्रंथीत पूर्ण लांबीच्या प्रकाराचे वर्चस्व असते आणि खरा निरोप तोच पोहोचवतो.

या मुलांची चिन्हे सांगायची तर जन्माच्या वेळी वजन व लांबी जवळजवळ नेहमीसारखीच असते. वाढ मागे पडू लागते ती पहिल्या एकदोन वर्षांत. शरीराची ठेवण प्रमाणबद्ध असते, आवाज बारीक असतो, वयात येणे लांबते. मात्र संततीक्षमता शाबूत राहते. बुद्धी अगदी सर्वसामान्य असते. ब्राझीलमधील अभ्यासात उपचार न घेतलेल्या व्यक्तींचे आयुर्मानही इतरांसारखेच आढळले आहे. तेव्हा "हे मूल किती जगेल?" या भीतीने कोणी खचून जाऊ नये. प्रश्न आयुष्याच्या लांबीचा नाही. बसच्या पायरीवर चढणे, फळ्यापर्यंत हात पोहोचणे, नोकरी व विवाहाच्या वेळी होणारी अवहेलना, म्हणजेच त्या आयुष्याच्या सन्मानाचा आहे.

घंटांची संख्या कोण ठरवते?

येथपर्यंत आपण तुटलेल्या घंटेविषयी बोललो. आता जी घंटा शाबूत आहे, तिच्याविषयी. पेशीच्या दारावर अशा किती घंटा बसवायच्या, हे कायमचे ठरलेले नसते. ग्राहीचे जनुक कधी अधिक वाचले जाते, कधी कमी, आणि हे वाचन इतर संप्रेरके नियंत्रित करीत असतात. जनुकातील जन्मजात दोष विरळा. परंतु या नियंत्रणातील बिघाड आपल्या बाह्यरुग्ण विभागात त्याहून कितीतरी अधिक वेळा भेटतो.

सर्वप्रथम पिट-१ नावाच्या एका प्रथिनाची गरज असते. ते पीयूषिका ग्रंथीतच तयार होते आणि ग्राहीचे जनुक उघडण्याची पहिली परवानगी देते. ते जन्मतः सदोष असेल तर वाढसंप्रेरकासोबत दूध आणणारे प्रोलॅक्टिन आणि थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक हीसुद्धा कमी पडतात.

त्यानंतर थायरॉईड संप्रेरक येते. प्रयोगशाळेतील उंदरांत थायरॉईड संप्रेरक कमी केले असता पीयूषिका ग्रंथीतील या ग्राहीचे प्रमाण घटते आणि ते परत दिले की पुन्हा वाढते, असे दिसून आले आहे. याचा व्यवहारातील अर्थ फार मोठा आहे. थायरॉईड मंदावलेल्या मुलाची वाढ थांबते, आणि त्याच अवस्थेत वाढसंप्रेरकाची चाचणी केली तर तीही कमी येऊ शकते. मग महागड्या इंजेक्शनांचा विचार सुरू होतो, जेव्हा खरी गरज असते रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावयाच्या एका स्वस्त गोळीची. म्हणूनच आधी थायरॉईड तपासावे, ते कमी असेल तर आधी ते दुरुस्त करावे, आणि त्यानंतरच वाढसंप्रेरकाची चाचणी करावी, हा क्रम कधीही चुकवू नये.

अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉलची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. ग्राहीचे जनुक वाचले जाण्यासाठी ते योग्य प्रमाणात आवश्यक असते. उंदरांवरील प्रयोगांत या गटातील संप्रेरकांनी ग्राहीचे प्रमाण वाढते. पण हेच औषधरूपाने, म्हणजे स्टेरॉईड म्हणून, मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने दिले तर मुलाची उंची खुंटते. कारण तेव्हा ते हाडांच्या कूर्चापट्टीवरच थेट आघात करते. पथ्यकर स्वयंपाकात मिठाचे जे स्थान, तेच येथे: लागते, पण मापात. खरूज, सांधेदुखी किंवा दमा यांसाठी कोणी नाव नसलेली भुकटी किंवा गोळी देत असेल, तर तिच्यात स्टेरॉईड मिसळलेले असू शकते, याचे भान ठेवावे. मात्र दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेला पंप या भीतीने स्वतः होऊन बंद करू नये; त्याची मात्रा अल्प असते आणि दम्याचा आजार बळावला तर त्यानेही वाढ मंदावते.

स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेन उंदरांत या ग्राहीचे प्रमाण कमी करते. माणसात चित्र तंतोतंत तसे नाही. वयात येताना मुलामुलींत वाढसंप्रेरकाच्या लाटा उलट मोठ्या होतात आणि उंची झपाट्याने वाढते. प्राण्यांवरील निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावू नयेत, याचे हे उत्तम उदाहरण आहे. परंतु लिंगसंप्रेरकांचा या यंत्रणेवर प्रभाव आहे हे निश्चित. त्यामुळेच वयात येण्यास उशीर झालेल्या मुलांना काही केंद्रांत चाचणीपूर्वी थोडे दिवस अशी संप्रेरके देऊन मगच वाढसंप्रेरक मोजतात. अन्यथा केवळ उशिरा वयात येणाऱ्या निरोगी मुलावर आजाराचा शिक्का बसण्याची शक्यता असते.

निदानाची वाट

पालकांसाठी तपासणीचा क्रम थोडक्यात सांगतो. सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे भिंतीवर नीट बसवलेली उंचीची पट्टी आणि दर सहा महिन्यांची नोंद. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आणि त्यापुढील वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते उपलब्ध आहेत. त्यावर ठिपके मांडले की वाढीची रेषा कोठे वाकते ते डोळ्यांना दिसते.

पुढे रक्तातील हिमोग्लोबिन, मूत्रपिंड व यकृताचे कार्य, गव्हातील ग्लुटेनमुळे बळावणारा सीलिॲक विकार आणि थायरॉईड यांची तपासणी होते. मुलगी ठेंगणी असेल तर गुणसूत्रांची तपासणी अवश्य करावी, कारण टर्नर सिंड्रोम हा विकार त्यातूनच कळतो. डाव्या हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय समजते. वाढीसाठी किती अवकाश उरला आहे हे तेच सांगते. त्यानंतर आयजीएफ-१ आणि वाढसंप्रेरकाची उत्तेजक चाचणी. वाढसंप्रेरक लाटांनी येत असल्यामुळे कोणत्याही एका वेळी घेतलेल्या रक्तातील आकड्याला अर्थ नसतो. अशा एकाच आकड्यावर विसंबून उपचार सुरू करू नयेत. शेवटी एमआरआय, आणि कुटुंबात इतरही ठेंगणे असतील तर जनुकीय चाचणी.

उपचार: कोठे बटण दाबायचे नाही

घंटेचा दृष्टांत आता उपयोगी पडतो. घंटाच नसेल तर पाहुण्याने बटण कितीही दाबून उपयोग नाही. म्हणजेच ग्राहीचे जनुक सदोष असलेल्या मुलाला जीएचआरएच देऊन लाभ होत नाही. पण घरातल्या माणसांनी जे काम करावयाचे, ते बाहेरून करून घेता येते. वाढसंप्रेरकच थेट द्यायचे. यकृत आणि हाडे यांच्यावरील त्याचे ग्राही शाबूत असल्याने ही मुले उपचाराला उत्तम प्रतिसाद देतात. वर्षाला तीनचार सेंटिमीटर वाढणारे मूल पहिल्या वर्षात आठ ते दहा सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक वाढते. निदानात जनुकाचे मोल ते हेच: कोणत्या दारावर वेळ दवडू नये, हे ते सांगते.

या औषधाला एक इतिहास आहे. १९५८ मध्ये मॉरिस रेबन यांनी मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथींतून काढलेल्या संप्रेरकाने मानवावरील पहिला यशस्वी उपचार नोंदवला. पुढे पाव शतक जगभर याच मार्गाने औषध मिळत राहिले. १९८५ मध्ये अशा औषधातून काही रुग्णांना मेंदूचा एक प्राणघातक आजार जडल्याचे उघड झाले आणि ते अमेरिकेसह अनेक देशांत बंद झाले. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या वाढसंप्रेरकाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज दिले जाणारे औषध या नव्या पद्धतीचेच असते. बारीक सुईच्या पेनने, रोज रात्री, त्वचेखाली ते घ्यावयाचे असते. आईवडील आठवड्याभरात ते देण्यास शिकतात. २०२१ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या प्रकारालाही मान्यता मिळाली.

जे मूल निरोगी आहे, केवळ घरात सर्वांची उंची बेताची म्हणून बेताचे आहे, त्याला हौसेखातर हे इंजेक्शन देण्याचे कारण नाही. तसेच "तीन महिन्यांत उंची वाढवा" अशा जाहिरातींतील चूर्णे व यंत्रे यांनी एक सेंटिमीटरही वाढ होत नाही, हे स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

कुटुंबीयांसाठी दोन शब्द

असा आजार घरात निघाला की बोट प्रथम आईकडे जाते. गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, कोणाची नजर लागली, याचा शोध सुरू होतो. विज्ञान याबाबत निःसंदिग्ध आहे. हा दोष दिसून येण्यासाठी सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून यावी लागते. दोघेही निरोगी असतात. दोघांचाही त्यात अपराध नसतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

नात्यात विवाह झाल्यास दोन्ही बाजूंनी तीच सदोष प्रत येण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिण भागात, मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा जुनी आहे. तिचा मी येथे निषेध करण्यासाठी उभा नाही. परंतु घरात अतिशय ठेंगण्या व्यक्ती असतील, तर असा संबंध ठरवण्यापूर्वी जनुकीय सल्ला घ्यावा, एवढी विनंती करतो. आणखी एक निरीक्षण: मुलगा ठेंगणा असला की घरचे लवकर डॉक्टरांकडे येतात, मुलगी ठेंगणी असली तर "मुलीला कशाला एवढी उंची?" म्हणून थांबतात. वस्तुतः मुलींच्या हाडांतील पट्ट्या मुलांच्या आधी बंद होतात. थांबण्याची चैन मुलींच्या बाबतीत तर मुळीच परवडणारी नाही.

देणगीदारांसाठी

शेवटी देणगीदार आणि विश्वस्त यांच्याशी मोकळेपणाने बोलतो. धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन रुग्णांसाठीच्या राखीव खाटा आणि निर्धन रुग्ण निधी यांचे मोल फार मोठे आहे. परंतु या आजाराचे मूल खाटेवर झोपत नाही. ते शाळेत जाते, खेळते, आणि त्याला रोज रात्री घरी एक इंजेक्शन हवे असते, सलग आठ दहा वर्षे. मूल मोठे होत जाते तसतशी औषधाची मात्रा व खर्च दोन्ही वाढतात. मध्येच पैसे संपून औषध थांबले तर वाढ पुन्हा मंदावते, आणि हाडांची घड्याळे कोणासाठी थांबत नाहीत.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सिद्ध झालेल्या वाढसंप्रेरक कमतरतेवरील उपचारांचा समावेश करण्यात आला असून त्यासाठीच्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा अंतर्भाव आहे. योग्य कागदपत्रांसह मुलाला तेथपर्यंत पोहोचवणे हे आपल्यासारख्या संस्थेचे समाजकार्यच होय. मदत मंजूर होईपर्यंतचे महिने, चाचण्यांचा खर्च, औषध थंड ठेवण्याची सोय, प्रवासभाडे, या मधल्या जागा मात्र आपल्यालाच भराव्या लागतील.

नवी इमारत किंवा नवे यंत्र यांसाठी दिलेल्या देणगीवर नावाची पाटी लागते. या देणगीवर पाटी लागत नाही. तिची नोंद राहते ती एखाद्या मुलाच्या वाढीच्या तक्त्यावर, सहा सहा महिन्यांनी वर सरकणाऱ्या ठिपक्यांत. म्हणून माझी विनंती अशी की, एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा एका मुलाच्या संपूर्ण उपचारकाळाची हमी काही देणगीदारांनी मिळून घ्यावी. तसेच आपण जेथे जेथे शाळांना मदत करता, तेथे वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाची उंची नोंदवली जाईल, एवढे पाहावे. त्यासाठी लागते ती एक पट्टी, एक वही आणि नियम पाळणारे एक माणूस.

एका जनुकातील एका अक्षरामुळे निरोप पोहोचत नाही, हे कोणाच्या हातचे नव्हते. परंतु त्या मुलाच्या उंचीची रेषा वाकलेली वेळेत पाहणे, आणि पाहिल्यावर त्याचे औषध अखंड चालू ठेवणे, हे सर्वस्वी आपल्या हातात आहे.